घ्यायला येऊ नका

आमच्या टोळीत एक रीत आहे. पळून जो आधी पोचेल त्यानं दोन घोट पाणी प्यायचं, जरा दम खायचा आणि मागे जाऊन शेवटच्याला घेऊन यायचं. याला आम्ही ‘घ्यायला जाणं’ म्हणतो, स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला जातात तसं. शेवटची नेहमी मीच. त्यामुळे ही रीत माझ्याच सोयीची होती, हे वेगळं सांगायला नको.

रीत पाडली माझ्या नवऱ्यानं. हे रेल्वेत होते. पन्नाशीच्या आत साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर माणूस चालतो. हे सायकल घेऊन आले. आमच्या स्कूटरपेक्षा महाग सायकल, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी आठवडाभर बोलले नाही. मग एका रविवारी कळलं की सायकलच्या जोडीला पोहणं आणि पळणं धरून एक शर्यत असते, ट्रायथलॉन म्हणतात, आणि ह्यांना ती करायची आहे. पुढच्या वर्षी मी स्वतः चाळिशी उलटलेल्या बायकांच्या बॅचमध्ये तलावाच्या कठड्याला धरून पाय मारत होते. ते कसं घडलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक घरी बसून रागवायचा कंटाळा आला असावा.

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते.

टोळी चौघांची झाली. आम्ही दोघं. तिसरी बँकवाली, आमच्या रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातलीच, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. तिचे वडील वर्ध्याकडून नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. मला ताई म्हणते, ह्यांना भाऊजी म्हणायची. चौथे गुरुजी, सरकारी शाळेत खेळ शिकवतात. पक्के छत्तीसगढी, ‘हो’ला ‘हव’ म्हणणारे. आमचं मराठी त्यांना सगळं समजतं, उत्तर हिंदीत देतात.

ह्यांची घ्यायला यायची पद्धत ठरलेली होती. ‘चल, थोडंच राहिलं’ असलं काही म्हणायचे नाहीत. फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे दोन्ही हात मागे बांधून संथ चालत यायचे, माझ्याजवळ पोचले की वळायचे आणि शेजारून हळूहळू पळत भाजीबद्दल बोलायचे.

“गोल बाजारात मुनगा आला आहे वं. आनू काय संध्याकाळी?”

जिची जीभ टाळूला चिकटली आहे त्या बायकोला हा माणूस शेवग्याच्या शेंगांबद्दल विचारतो, याचा मला संताप यायचा. उत्तर द्यायला दम नसायचा म्हणून मी नुसता हात उडवायची. ते त्याचा हवा तो अर्थ काढायचे आणि संध्याकाळी मुनगा घरात असायचा.

मागच्या थंडीत हे पोटाच्या दुखण्यानं गेले. फार दिवस पडून राहिले नाहीत. रोज पहाटे पळणारा माणूस पोटदुखीनं जातो यावर आमच्या पाऱ्यातल्या लोकांचा अजून विश्वास बसलेला नाही. भेटायला आलेल्या एक बाई सतरंजीवर बसताबसता म्हणाल्या, “एवढं पळून काय भेटलं बापा?” मी त्यांना चहा दिला नाही. माझ्या आयुष्यातला हा एक राग असा आहे की ज्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

तेराव्यानंतर काही दिवसांनी बँकवाली आणि गुरुजी पहाटे दारात उभे राहिले. मी बूट घातले. त्या दिवसापासून ते दोघं मला घ्यायला येऊ लागले, आणि पूर्वीपेक्षाही जास्त निष्ठेनं. पूर्वी कोणी एक यायचं, आता दोघं यायचे. एकदा बँकवालीला ताप होता तरी आली.

आता खरी गोष्ट सांगते. ती कोणाला सांगायची लाज वाटत होती. समोरून कोणी परत येताना दिसलं की रोज, अगदी रोज, मला आधी हेच दिसायचे. पापणी लवायच्या आत चूक कळायची. पण त्या आधीच्या निमिषात मी सुखी असायची. मग जवळ यायचे ते गुरुजी असायचे, बँकवाली असायची, घामेजलेले, हसरे, भले. आणि मला त्यांचा राग यायचा. असं वर्षभर चाललं. वर्षश्राद्ध झालं, अकोल्याकडची मंडळी येऊन गेली, भटजी म्हणाले आता सगळं पार पडलं. माझं काहीच पार पडलं नव्हतं. मी माणूस रोज सकाळी मिळवत होते आणि रोज सकाळी घालवत होते.

म्हणून मी शर्यतीत नाव घातलं. नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर दर वर्षी होते ती छोटी ट्रायथलॉन. हे असताना आम्ही तिघं-चौघं मिळून वाटून घ्यायचो, कोणी पोहायचं, कोणी सायकल. यंदा मी एकटीनं सगळं करायचं ठरवलं, कारण शर्यतीचा नियमच आहे की बाहेरच्या कोणी मदत करायची नाही. जो पोचला त्यानं परत रस्त्यावर येऊन दुसऱ्याच्या सोबत पळायचं नाही. मला एक रस्ता हवा होता जिथे कोणी घ्यायला येणार नाही. समोर बघायचं, रस्ता रिकामा दिसायचा आणि तो रिकामाच राहायचा. मला वाटलं, तेवढं एकदा झालं की डोळ्यांना कळेल.

बाकी दोघांनीही लगेच नाव घातलं. “आम्ही नाही का?” असं बँकवाली म्हणाली तेव्हा तिला काय सांगणार!

शनिवारी सकाळी आम्ही पोहण्याच्या तलावावर शेवटची उजळणी करायला गेलो. शर्यतीच्या आदल्या दिवशी अंग नुसतं हलकं करून घ्यायचं असतं, पण गुरुजींना ते पटत नाही. त्यांनी आम्हाला पाण्यातून बाहेर काढून, ओल्या अंगावर मोजे चढवून, हेल्मेट घालून दोनदा सायकलपर्यंत पळवलं. पोहणं संपवून सायकलवर चढेपर्यंतचा जो वेळ जातो त्यात सगळे गडबडतात. मी हेल्मेट उलटं घातलं. तलावाचा चौकीदार मोकळेपणानं हसला.

मग पोहे-जिलबी. मग गुरुजी हवा भरायला सायकली घेऊन गेले आणि आम्ही दोघी तलावाच्या पायरीवर केस वाळवत बसलो. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. समोरून हे दिसतात ते, आणि मग नसतात तेही.

ती बराच वेळ पायरीवरचं पाणी बोटानं पसरवत राहिली. मग म्हणाली, “आन आमी रोज येत होतो.”

“तुमचं काय चुकलं?”

“काहून नाही सांगतलं ताई तू?”

“आता सांगून राहिली ना. उद्या मले घ्यायला येऊ नका. काहीही झालं तरी.”

“नाही येत.”

“शपथ घे.”

“अवं शपथ कायची! नाही येत म्हटलं ना,” म्हणाली, आणि ओल्या डोक्यानंच मला घट्ट धरलं. गुरुजींना मात्र काही सांगितलं नाही. पुरुषमाणसाला हे कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

दुपारी छातीवर लावायचे नंबर घ्यायला गेलो. तिथे एका पोरसवदा अधिकाऱ्यानं माइकवरून नियम समजावले. बाहेरची मदत घेतली तर नाव बाद, हे त्यानं दोनदा सांगितलं. गुरुजी खुर्चीत डोळे मिटून होते आणि बँकवाली चहाच्या रांगेत होती. मी मात्र एक एक शब्द ऐकला. मंडपात एवढ्या आनंदानं नियम ऐकणारी मी एकटीच असेन.

संध्याकाळी वरणभात खाल्ला आणि पलंगाच्या ह्यांच्या बाजूला दुसऱ्या दिवशीचे कपडे, चष्मा, बूट मांडून ठेवले. पुण्याहून मुलाचा फोन आला. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, हे आमचं जुनंच आहे. “मम्मी, ज़रूरत क्या है ये सब करने की?” मी म्हटलं, गरज आहे. त्यानं पुढे विचारलं नाही, आज भाजी काय केली ते विचारलं. तो बापावर गेला आहे. नको तिथे प्रश्न विचारत नाही आणि नको तिथे मुनगा विचारतो.

रविवारी पोहणं बरं झालं. मी सर्वांत मागे होते, पण पाण्यात मागेपुढे काही कळत नाही, हीच पाण्याची मेहेरबानी. हेल्मेट सरळ घातलं. सायकलवर वारा समोरून होता. दोन्ही बाजूंना मोकळी माळरानं, मध्येच कुठे सरकारी इमारत. मला आवडतो तो रस्ता. पुष्कळांना ओसाड वाटतो.

मग पळणं. सरळ जायचं, एका लाल शंकूला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. जाताना आधी गुरुजी समोरून आले. “बढ़िया दीदी!” म्हणत गेले. मग बरंच मागून बँकवाली आली, तोंड लालबुंद. तिनं फक्त हात वर केला. यात नियम मोडत नव्हता, त्या आपापली शर्यत पळणाऱ्या माणसांच्या नुसत्या भेटी होत्या. त्यानंतर माझ्या समोर कोणी उरलं नाही.

शंकूला वळसा घातला आणि डाव्या पोटरीत गोळा आला. असा आला की मी रस्त्यावर खालीच बसले. मोटरसायकलवरून फिरणारा एक स्वयंसेवक थांबला. “आंटी, गाड़ी बुलाऊँ?” मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण तो लगेच निघून गेला. मी पोटरी चोळली, उठले, चार पावलं लंगडले, मग हळूहळू पळू लागले.

आणि मग ते सुरू झालं, ज्यासाठी मी आले होते. ऊन चढलं होतं. रस्ता पांढरा, सरळ, आणि त्यावर एक माणूस नाही. माझ्या बुटांचा आवाज तेवढा. नेहमी साधारण निम्मं अंतर उरलं की हे दिसायचे. ती जागा जवळ येऊ लागली तशी माझी पावलं नकळत छोटी पडू लागली. भीतीच होती ती. मी मान वर ठेवली. बघ, स्वतःला म्हटलं, नीट बघ, कोणी नाही.

तेवढ्यात दूर दोन ठिपके हलले.

दोघं पळत येत होते. बँकवाली पुढे, गुरुजी मागे. मी त्यांना ओळखलं, अगदी लगेच ओळखलं, यावेळी चूकसुद्धा झाली नाही. आणि ओळखल्यावर मी त्यांच्या मागे तिसऱ्याला शोधलं.

ते जवळ येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. “परत जा!” मी ओरडले. “परत जा म्हणते ना!”

“ताई, तू खाली बसली म्हने. तो मोटरसायकलवाला सांगून राहिला होता, आंटी गिर गई. चक्कर आली काय? पानी घे.”

“एवढी एकच गोष्ट मागितली होती तुले! एक!”

“मले आठवन होती ना ताई. पन तू पडली म्हटल्यावर मी तिथं कशी उभी राहू? भाऊजी असते तर आले नसते काय?”

“म्हणूनच तर!”

गुरुजी काही न समजून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी पुढे पळत निघाले. ते दोघं वीसेक पावलं मागे राहून येत राहिले. परत जायचं तरी कसं, रस्ता एकच होता. मी रडत नव्हते. मला इतका राग आला होता की पोटरीसुद्धा दुखायची थांबली.

शेवटच्या कमानीपाशी गळ्यात शिट्टी अडकवलेली, शर्यतीची पंच असलेली एक मुलगी उभी होती. तिनं अदबीनं सांगितलं, “सॉरी मैडम, आपका टाइम नहीं आएगा. बाहर से लोग साथ में आए हैं.” बँकवाली तिच्याशी भांडायला लागली. मैडम की तबीयत, इन्सानियत नाम की चीज, वगैरे बरंच. एरवी मी त्या भांडणात पुढे असते. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. मला पदकही नको होतं. मला हवं होतं ते मागे रस्त्यावर राहिलं होतं, आणि ते काही या मुलीच्या हातातलं नव्हतं.

मंडपाच्या सावलीत आम्ही तिघं केळी खात बसलो. बँकवाली रडत होती आणि रडता रडता केळं खात होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझा राग एकदम उतरला. ह्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी हीच पोट्टी बँक सोडून आली होती आणि त्यांचे बूट हातात धरून दारात बसून राहिली होती. तिचंही माणूस गेलं होतं. घ्यायला जाणं ही तिला भाऊजींनी शिकवलेली गोष्ट होती. ती विसर म्हणून मी तिला सांगितलं, आणि तिच्याच्यानं ते झालं नाही. यात मी तिला काय बोलणार?

गुरुजींनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, “दीदी, बात क्या है?”

मग बँकवालीनंच त्यांना सांगितलं, तोडकंमोडकं, नाक पुसत. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. केळ्याची साल घडी घालावी तशी दुमडत राहिले. मग म्हणाले, “तो अभी जाइए न, दीदी. रास्ता तो वहीं है.”

मी रस्त्याकडे पाहिलं.

“हम यहीं बैठे हैं. नहीं आएँगे. ये उठेगी तो मैं पकड़ के रखूँगा.”

बँकवाली दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

बक्षिसं वाटून झाली होती. मी कमानीखालून उलट्या दिशेनं निघाले तेव्हा दोन माणसं कमानीतली हवा काढत होती आणि ती हळूहळू रस्त्यावर लवंडत होती. एक टेम्पो रस्त्याच्या कडेनं थांबत थांबत शंकू उचलत येत होता. ज्याला वळसा घातला होता तो लाल शंकूही उचलला गेला होता. मी अंदाजानं ती जागा ठरवली. पोटरी पुन्हा दुखायला लागली होती. थोडा वेळ उभी राहिले आणि मग परत फिरले.

आता शर्यत नव्हती, म्हणून पळायची सक्ती नव्हती. तरी पळले, लंगडत का होईना. एक बस गेली. एक माणूस म्हशी घेऊन रस्ता ओलांडून गेला. निम्मं अंतर उरलं आणि मी मान वर केली. रस्ता शेवटपर्यंत दिसत होता. टोकाला मंडपाचा कापडी कोपरा हलत होता आणि त्याच्या अलीकडे काही नव्हतं. मी पळत राहिले. अजून बघत होते. आता येतील, आता दिसतील, हे आतून थांबत नव्हतं. दम संपला म्हणून चालू लागले, तरी बघत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मंडप मोठा होत गेला, त्यात बसलेली दोन माणसं दिसू लागली, त्यांनी हात हलवला नाही की हाक मारली नाही. उरलेला रस्ता इतका थोडा झाला की त्यावर कोणी घ्यायला यावं एवढी जागाच राहिली नाही.

तिथे मी थांबले आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन मोठ्यानं रडले. हे गेले त्या दिवशीही मी अशी रडले नव्हते. मंडपातून कोणी उठलं नाही. मला आता कळलं होतं. हे येणार नव्हते.